दुखत नाही, हेच दुखणे

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली गर्दी आपण दरवर्षी पाहतो. सुमारे २५ किलोमीटरची वाट, त्यात दौलताबादचा घाट. कित्येकजण अनवाणी असतात. ‘एवढे चाललो, पण पायाला काही जाणवलेसुद्धा नाही,’ असे कुणी सांगितले की आपण कौतुक करतो. सांगणारा दहा-बारा वर्षांचा मधुमेही असेल, तर मला मात्र त्या वाक्याची धास्ती वाटते.

वेदना ही शरीराची राखणदार आहे. पायात काटा रुतताच त्वचेतील मज्जातंतू मज्जारज्जूकडे संदेश पाठवतात आणि तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. दुखल्याचे मेंदूला कळण्याआधीच पाऊल उचललेले असते. लांब चालताना एखादी जागा दुखू लागली, तर आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. म्हणून पाय टिकतात.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या तंतूंना इजा होते. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असल्याने सुरुवात बहुधा तेथून होते. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, पुढे बधिरता. काहींना मुंग्याही येत नाहीत. घाम कमी होऊन कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. मग फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. रक्तपुरवठाही कमी असेल तर गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते.

कुष्ठरोगात बोटे आपोआप कुजून झडतात, असा पूर्वी समज होता. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बधिर हातापायांना नकळत होणाऱ्या इजा हेच त्या जखमांचे मोठे कारण आहे. तोच धडा मधुमेहालाही लागू पडतो.

माझा विरोध भक्तीला नाही. पण मधुमेह्याने चपला देवळाच्या पायरीशी काढाव्यात, आठ कोस आधी नव्हे. दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. आम्ही रक्ताचा रिपोर्ट बारकाईने पाहतो, पण पायातले मोजे उतरवायला सांगत नाही. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासायला दोन-चार मिनिटे लागतात. वर्षातून एकदा तरी ही तपासणी मागून घ्या.

घरी रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. त्यात संकोच कसला? आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. गरम पिशवीचा शेक घेऊ नये, कुरूप ब्लेडने कापू नये. जखम दिसली तर हळद भरून वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

‘दुखत नाही ना, मग राहू द्या,’ हे आपल्या घरोघरचे वाक्य. मधुमेह्याच्या पायाबाबत तेवढे ते कायमचे सोडून द्यावे.