स्पर्धा कोणाच्या हिताची?

स्पर्धा ही ग्राहकाची माउली होय, असे आम्हांस विद्यार्थिदशेत शिकविण्यात आले आणि पुढे आम्हीही वर्गात तेच सूत्र पुष्कळ वर्षे घोकून घेतले. परंतु खिशात मावणाऱ्या एमपीथ्री यंत्रांच्या चढाओढीचा इतिहास पाहिल्यावर, हे सूत्र अर्धेच सत्य आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

या इतिहासाचा आरंभ उज्ज्वल आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. 1998 साली डायमंड कंपनीने ‘रिओ’ हे यंत्र काढले, तेव्हा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचा संघ कोर्टात धावला. 1999 साली अपील कोर्टाचा निकाल रिओच्या बाजूने लागला. 2001 साली अ‍ॅपलचा 5 गिगाबाइटचा आयपॉड 399 डॉलरांस मिळू लागला. पुढे यंत्रे लहान झाली, साठवण वाढली, किमती उतरल्या. हे श्रेय स्पर्धेचेच होय.

पण 2003 साली अ‍ॅपलने 99 सेंटांस एक गाणे विकण्याचे दुकान थाटले आणि स्पर्धेचा रोख पालटला. ते गाणे सांकेतिक कुलपात असे. दुसऱ्या कंपनीच्या खिशातल्या यंत्रावर ते वाजत नसे. 2004 साली रिअलनेटवर्क्सने आपली गाणी आयपॉडवर वाजविण्याची युक्ती शोधताच अ‍ॅपलने ती वाट बुजविली. मायक्रोसॉफ्टने तर कमालच केली! ‘खात्रीने वाजेल’ अशा अर्थाचे चिन्ह तिने 2004 साली इतरांच्या यंत्रांस व दुकानांस दिले. आणि 2006 साली स्वतःचे ‘झून’ विक्रीस आणले, त्यावर त्या चिन्हाची कुलूपबंद गाणी वाजेनात. खात्रीची याहून मोठी विटंबना ती कोणती?

कोणी म्हणतील, कुलपांची अट ध्वनिमुद्रिकांच्या मालकांची होती. यंत्रवाल्यांस दोष का द्यावा? अट होती हे खरे. परंतु आपली किल्ली दुसऱ्यास न देण्यात यंत्रवाल्यांचा लाभच होता. ज्याने शंभर गाणी विकत घेतली, तो दुसरे यंत्र घेण्यापूर्वी शंभरदा विचार करणार! पुढे 2007 साली ईएमआयने बिनकुलपाची गाणी विकण्यास आरंभ केला आणि 2009 साली अ‍ॅपलच्या दुकानानेही गाण्यांची कुलपे काढली. त्यामुळे आकाश कोसळले नाही. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी तरी एकाच कंपनीच्या फोनोग्राफवर कोठे अडून बसत होती?

झूनचे उत्पादन 2011 साली थांबले. 2022 साली आयपॉडचेही. आता गाणी महिन्याच्या भाड्याने ऐकण्याची रीत पडली आहे. भाडे थांबले की गाणेही थांबते. म्हणजे कुलूप गेले नाही, ते गाण्यावरून काढून घराच्या दारास लावले, एवढेच.

तेव्हा यापुढे बाजाराची परीक्षा करताना दुकाने किती, एवढेच मोजून भागणार नाही. घेतलेला माल घेऊन ग्राहकास दुसरीकडे जाता येते की नाही, हेही विचारले पाहिजे. आत जाण्याची वाट ठाऊक आणि बाहेर येण्याची नाही, अशी अभिमन्यूची गत जेथे होते, तेथे चढाओढ व्यूह रचणाऱ्यांची असते; तिचा लाभ आत सापडलेल्यास होत नाही. आमच्या विद्यार्थ्यांस हे आम्ही फार उशिरा सांगत आहो, याची आम्हांस जाणीव आहे.