कामठीत समुद्र आणायचाय? आधी कूलर आठवा

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तो संपतो तिथेही समुद्र दिसत नाही. कन्हानकाठच्या आपल्यासारख्यांसाठी समुद्र म्हणजे मुंबईची ट्रिप, नाहीतर मोबाइलची स्क्रीन. त्या स्क्रीनवर खिडकीतली काचेची टाकी दिसते, खारं पाणी, त्यातून वर आलेली कांदळवनाची दोन-चार रोपं आणि पानांवर कोवळं ऊन. दिवे नाहीत, मोटरची घरघर नाही. खाली लिहिलेलं असतं, ‘लो मेन्टेनन्स’. मोह होणारच. होऊ द्या.

माझं मत विचाराल तर ही टाकी कामठीतही जमते. फक्त क्रम उलटा हवा. आधी झाड, मासा सगळ्यात शेवटी, आणि प्रवाळ कधीच नाही.

सुरुवात उन्हापासून करू, कारण ते आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास खाऱ्या पाण्याच्या टाक्या अशाच चालवून दाखवल्या होत्या. नैसर्गिक उजेड, समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस्स. पण जकार्ता समुद्रकाठी आहे, आणि तिथे विदर्भाचा मे महिना नसतो. आपल्याकडे पारा ४५ ओलांडतो. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतली टाकी म्हणजे चुलीवरचं पातेलं. पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. म्हणून खिडकी पूर्वेचीच घ्या, सकाळचं ऊन पुरतं.

पाणी थंड ठेवायला ‘चिलर’ मिळतो. तो महाग असतो, वीज खातो आणि मेमध्ये लाइट गेली की बंद. मग कसलं आलंय लो मेन्टेनन्स! इथे आपला कूलर आठवा. कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीच्या उघड्या तोंडावर साधा छोटा पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांपेक्षा आपल्याला एका तरी बाबतीत सोपं आहे, हे मला फार आवडतं.

अर्थात याची किंमत आहे. वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. म्हणजे पातळी उतरली की वरून खारं नाही, गोडं पाणी घालायचं. मेमध्ये हे रोजचं काम आहे. दोन दिवस लग्नाला गेलात तर परतल्यावर पाणी समुद्रापेक्षा खारट झालेलं असेल, टाकी लहान असेल तर नक्कीच. टाकी जितकी मोठी तितके हे चढउतार मंद. पण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, वर वाळू नि काच. भाड्याच्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलावर हा प्रयोग नको.

आता झाड. टाकीत बहुधा कांदळ लावतात. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लांबट रोप होऊन लोंबतं, मग खाली चिखलात पडतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. त्याचा शेजारी तिवर मीठ आत घेतो आणि पानांतून बाहेर टाकतो, पानावर बारीक स्फटिक दिसतात. खाडीत ते पावसाने धुतले जातात. घरात तो पाऊस तुम्ही, गोड्या पाण्याचा फवारा मारून.

कांदळवनाला मीठ सोसतं, पण भरसमुद्राएवढं खारं पाणी लागतंच असं नाही. निमखाऱ्या पाण्यात ते मजेत वाढतं. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तुम्ही १० ग्रॅमवरही टाकी चालवू शकता. मिठाचा खर्च तिथेच तिसऱ्या हिश्शावर येतो. मात्र किराण्यातलं आयोडीनचं मीठ नको. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं, त्यासाठी मत्स्यालयाचं वेगळं मीठ मिळतं. आणि झाड सगळी घाण शोषून पाणी स्वच्छ ठेवेल, हा भ्रम सोडा. कांदळ फार हळू वाढतो. ते काम समुद्री शेवाळं जास्त चांगलं करतात.

रोप आणायचं कुठून, हा खरा प्रश्न आहे आणि व्हिडिओत तोच गाळलेला असतो. खाडीतून उपटून तर मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं की कांदळवनं नष्ट करणं हे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. या कक्षाला लिहून विचारा. नाही म्हणाले तर नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. दुकानदार ‘चालतं सगळं’ म्हणाला तरी चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका रोपासाठी काहून एवढी झंझट? १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या घराघरांत समुद्राची टाकी शिरली. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांमधली जिवंत डबकी या हौसेपायी कशी ओरबाडली गेली, ते पुढे गॉस यांच्याच मुलाने लिहून ठेवलं. त्यातल्या प्रत्येकाने ‘मी तर एकच नेतोय’ असंच म्हटलं असणार.

माशाचं माझं उत्तर ऐकून हसाल: काळी मॉली. नागपूरच्या कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात मिळते, टाकीतच पैदा झालेली असते, शेवाळ खाते आणि हळूहळू सवय लावली तर खाऱ्या पाण्यातही जगते. क्लाउनफिशसारखा तोरा नाही तिला. पण तिच्यासाठी कुणी समुद्रात जाळं टाकलेलं नसतं. तीसुद्धा टाकी भरल्यावर चार-सहा आठवड्यांनीच सोडायची. माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत बसायला तेवढा वेळ लागतो. अडलंच तर तेलंगखेडीचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे, चौकशी करायला लाजू नका.

एक प्रश्न मात्र आजच घरी विचारा. डिग्री तीन वर्षांची, कांदळ कित्येक वर्षं जगणारा. तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात की पाणी कोण घालणार? आईचं नाव गृहीत धरलं असेल, तर आधी आईला विचारा.

आणि मीठ विकत घेण्याआधी हे करून बघा. त्याच खिडकीत साध्या पाण्याने भरलेली टाकी ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा आणि अख्खा मे महिना रोज दुपारी तीनला आकडा वहीत लिहा. पातळी किती बोटं उतरली तेही लिहा. पंखा लावून आठ दिवस, न लावता आठ दिवस. वही भरली, तर जूनमध्ये कांदळवन कक्षाला पत्र लिहा. पाचव्या दिवशीच कंटाळा आला, तर मनी प्लांट आहेच.