पट्टीला दर आहे, सुताला नाही

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील बचत गटांपुढे अलीकडे हस्तकलेचे बरेच प्रस्ताव येतात. त्यातला एक शहरातल्या एका संस्थेचा. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एकट्या त्या संस्थेचा नाही. प्राचीन काळी युरोपात विणल्या जाणाऱ्या अरुंद, नक्षीदार पट्ट्या हाताने कातलेल्या सुतापासून पुन्हा तयार करायच्या, त्याचे प्रशिक्षण आदिवासी स्त्रियांना द्यायचे आणि माल परदेशातील हौशी गिऱ्हाइकांना विकायचा, असा तो बेत. हातभर पट्टीला किती रुपये, हे कागदावर होते. कातण्याला किती, हे कुठेच नव्हते. ‘सूत स्त्रिया फावल्या वेळात काततील’, एवढे एकच वाक्य.

हा फावला वेळ कुठला? तलासरीच्या कितीतरी बायका सकाळी जीपमध्ये कोंबून उंबरगाव-भिलाडच्या कारखान्यांत जातात. कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत राबणाऱ्या वेगळ्याच. घरी आल्यावर पाणी, सरपण, चूल, पोरे. बाईच्या श्रमाला मोल द्यायचे नसले की त्या वेळेला फावला म्हणतात.

आता या विणकामाचे गणित मांडून पाहू. त्याला माग लागत नाही. खेळायच्या पत्त्याएवढे चौकोनी तुकडे घ्यायचे, लाकडाचे, हाडाचे किंवा पुठ्ठ्याचे. चार कोपऱ्यांना चार भोके, प्रत्येक भोकातून एक धागा. सगळे पत्ते एकदम पाव फेरा फिरवले की धाग्यांमध्ये नवी फट पडते, तिच्यातून आडवा धागा घालून ठोकायचा. असे करत गेले की उभे धागे एकमेकांभोवती पिळले जातात आणि पट्टी चांगली मजबूत होते. ऑस्ट्रियातील हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत अशा लोहयुगातल्या पट्ट्या मिठामुळे टिकून राहिल्या. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे इ.स. ८३४ मध्ये पुरलेल्या जहाजात ५२ पत्त्यांचा संच सापडला, त्यावर काम अर्धवट राहिलेले. त्या जहाजात सांगाडे होते ते दोन स्त्रियांचे.

समजा २० पत्त्यांची साधी पट्टी आहे. म्हणजे उभे धागे ८०. दोन मीटर पट्टी हवी तर आटणे आणि टोके धरून प्रत्येक धागा अडीच मीटर घ्यावा लागतो. झाले २०० मीटर सूत. पण पत्ते फिरताना धाग्याला सारखे घासतात, एकेरी सूत तिथे टिकत नाही. ते दुपदरी पिळावे लागते. म्हणजे आधी ४०० मीटर कातायचे, मग त्याला पीळ द्यायचा, आडव्या धाग्याचे सूत आणखी निराळे, आणि एवढे झाल्यावर विणायला बसायचे. कागदावर दर आहे तो या शेवटच्या कामाला.

असली पट्टी विणणे ही काही परदेशाचीच मिरास नाही. अगदी आपल्या शेजारची परंपरा आहे, कस्तीची. पारशी आणि इराणी झरतुष्टी स्त्री-पुरुष कमरेला तीन वेढे देऊन बांधतात ती पवित्र नाडी. (कोणी तिला कुस्ती म्हणतात, आखाड्याशी तिचा संबंध नाही.) आपल्या भागात चिकूच्या वाड्या लावणारी इराणी घराणी आहेत. हद्दीपलीकडे संजाण आहे, उदवाडा आहे. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता असे पारशी परंपरा सांगते, त्या बहरोटच्या गुंफा बोर्डीजवळच्या बारड डोंगरात आहेत.

कस्ती पत्त्यांवर नव्हे, छोट्या मागावर विणतात. मेंढीची लोकर हाताने कातून, दुपदरी करून तिचे ७२ धागे लावायचे, यस्न या धर्मग्रंथाचे ७२ अध्याय म्हणून. ती आतून पोकळ विणली जाते आणि मग सुईने उलटी करून घ्यावी लागते. फार नाजूक काम. परंपरेने ते पुरोहित घराण्यातल्या स्त्रियांचे, आणि नवसारी हे त्याचे जुने केंद्र. गरीब पुरोहित घरातल्या बायकांना त्याचाच आधार होता. या परंपरेत मला आवडणारी गोष्ट म्हणजे कस्ती मुलीलाही मिळते, मुलग्यासारखीच. पण विणून झालेली कस्ती मंत्र म्हणत कापायची ती पुरोहिताने. आपल्या देशात तिथे आजही पुरुषच पुरोहित होतो. इराणमध्ये २०११ साली काही स्त्रियांना पुरोहिताच्या मदतनीसाचा, ‘मोबेदयार’चा, दर्जा मिळाला. म्हणजे आरंभापासून शेवटच्या गोंड्यापर्यंत वस्तू बाईच्या हातची आणि अधिकार मंत्राच्या हातात. हे फक्त पारशांचे आहे असे समजून आपण सुटकेचा नि:श्वास टाकायला नको.

कारण वारली चित्राचे काय झाले? लग्नाचा चौक लिहितात त्या सवाशिणी. तांदळाचे पीठ, कुडाची भिंत आणि बायकांचे हात. १९७० नंतर कागद आला, बाजार आला. गंजाडचे जिव्या सोमा मशे फार मोठे कलावंत होते, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण भिंतीवर होते तोवर जे बायकांचे होते, त्याला पैसे मिळू लागल्यावर नावारूपाला आले ते बहुतेक पुरुष. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळाले. कलेच्या नावाला संरक्षण आले. चौक लिहिणाऱ्या हाताला काय आले, हे गावोगाव विचारून पाहावे.

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. घरापासून दूर न जाता चार पैसे मिळणार असतील तर बायकांना ते हवेच आहेत. पण मोबदला मापावर ठरवायचा असेल तर माप सगळ्या कामाचे धरा. ही मागणी इथे नवी नाही. १९४५ साली, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या लढ्यात, याच तालुक्यांतल्या वारल्यांनी ५०० रतल गवत कापायला अडीच रुपये मागितले होते. त्या लढ्यात ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांच्या आजी-पणजीने गवताचा भाव रतलावर मागितला, त्यांना सुताचा भाव मीटरवर मागता येणार नाही असे कोणी समजू नये.

कातणारीला योग्य मजुरी दिली तर माल महाग होईल आणि खपणार नाही, असे संस्थेचे लोक म्हणतात. हेही जुनेच. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे कातणारीला आठ तासांचे आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला, तेव्हा खादीवाल्यांनीही हीच भीती घातली होती. आठ आणे काही झाले नाहीत, पण मजुरी वाढली. विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीत दिवसभर कातून त्या मजुरीवर जगून पाहिले. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी निदान एक आठवडा तकली घेऊन बसावे आणि मग ‘फावला वेळ’ हे शब्द कागदावर ठेवायचे की नाही ते ठरवावे.

आमच्या गटांनी तूर्त होकार दिलेला नाही, नकारही नाही. कातणे, पीळ देणे आणि विणणे यांना वेगवेगळा दर हवा, तो सरकारी किमान वेतनाच्या हिशोबाने आठ तासांवर बांधलेला हवा. पट्टीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर कातणारीचे आणि विणणारीचे, दोघींची नावे हवीत. शिकण्याच्या काळातली रोजंदारी बुडते ती भरून मिळावी. आणि पैसे बाईच्या स्वत:च्या खात्यात. एवढे लिहून दिले आहे, उत्तराची वाट पाहत आहोत. ज्या गटांनी खादी, घोंगडी किंवा लोकरीच्या कामात कातणीचा दर भांडून मिळवला असेल, त्यांनी तो कसा मोजला, गुंडीवर की वजनावर, हे आम्हाला जरूर लिहून कळवावे. पुढच्या बैठकीआधी मिळाले तर फार बरे.