आश्रमशाळेत करपलेलं बालपण : भरपाई ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने मिळणारा हक्क हवा

एप्रिल २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा येथील एका खासगी शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. राज्यभर संताप उसळला, अटका झाल्या. त्याच काळात संस्थेशी संबंधित एका राजकीय नेत्याने पत्रकार परिषदेत सांगितले, की सरकारकडून भरपाई मिळते म्हणून पालक तक्रारी करायला पुढे येत आहेत. टीका झाल्यावर माफी मागितली गेली. पण त्या एका विधानातून आपल्या समाजव्यवस्थेचे मन कळले. गरिबाच्या लेकरावर अत्याचार झाला तर शंका घ्यायची ती गरिबाच्याच हेतूवर!

ही शंका घेता येते, कारण आपल्याकडे भरपाईकडे अजून हक्क म्हणून पाहिले जात नाही. ती ‘मदत’ आहे, ‘अर्थसहाय्य’ आहे, ‘सानुग्रह अनुदान’ आहे. देणारा मोठा आणि घेणारा लाचार, असे नाते या शब्दांतच आहे. संस्थेच्या छताखाली बालपण उद्ध्वस्त झालेल्यांना भरपाई मिळवून देणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा, ही मागणी आपण तरुणांनी का उचलली पाहिजे, ते या लेखात मांडत आहे.

घटना वेगळ्या, साचा एकच

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेतील उपासमार आणि अत्याचाराच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली येथील बालगृहातील मतिमंद मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. २०१३ मध्ये त्या खटल्यात संस्थाचालकाला दोषी ठरवण्यात आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पाळा येथील आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलीवरील अत्याचार उघड झाला. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी गेली तेव्हा घरच्यांना कळले. त्याच सुमारास डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने आश्रमशाळांतील मृत्यूंवर अहवाल दिला. साधारण पंधरा वर्षांत राज्यातील आश्रमशाळांमध्ये हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे तेव्हा समोर आले होते.

मुले घरापासून दूर. आईबाप निरक्षर किंवा मजुरीसाठी परगावी. संस्था एखाद्या पुढाऱ्याची किंवा त्याच्या नातेवाइकाची. तपासणी कागदावर. तक्रारपेटीची किल्ली मुख्याध्यापकाकडे. अशा ठिकाणी अत्याचार करणारा एकटा नसतो, त्याला गप्प बसणारी अख्खी यंत्रणा साथ देत असते. म्हणूनच एका आरोपीला शिक्षा झाली की न्याय पूर्ण झाला, असे मानता येत नाही. संस्थेची आणि तिला अनुदान देणाऱ्या शासनाची जबाबदारी शिल्लकच राहते.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. कोलाम, गोंड, परधान, आंध समाजाची हजारो मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. समाजकल्याणच्या वसतिगृहांत बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींची मुले राहतात. विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा वेगळ्या विभागाकडे आणि बालगृहे महिला व बालविकास विभागाकडे. मूल तेच, गरिबीही तीच. पण जबाबदारी इतक्या दारांत वाटलेली, की तक्रार घेऊन नेमके कुठे जायचे हे पालकांना कळत नाही.

आज काय मिळते?

आज काहीच नाही, असे म्हणणे चूक ठरेल. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. संस्थेच्या व्यवस्थापनाने किंवा कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार या कायद्यात अधिक गंभीर मानला आहे. माहिती असूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. कलम ३३(८) नुसार विशेष न्यायालय भरपाई देऊ शकते. २०२० च्या नियमांतील नियम ९ तर अधिक स्पष्ट आहे : गुन्हा नोंदल्यावर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देता येते, आरोपी सुटला किंवा सापडला नाही तरी भरपाई देता येते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने पैसे द्यायचे आहेत. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. २०१७ मध्ये तिची मर्यादा १० लाखांपर्यंत वाढवली गेली. पीडित अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार वेगळे अर्थसहाय्य आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हे नियम पाठ करून ठेवावेत, कारण पालकांना ते कोणी सांगत नाही.

तरीही तीन मोठी भगदाडे राहतात.

पहिले, सगळे गुन्हा नोंदवण्यावर अवलंबून आहे. दहा वर्षांच्या वयात जे घडले ते सांगायला अनेकांना वीस-पंचवीस वर्षे लागतात. तोवर आरोपी निवृत्त झालेला असतो किंवा मेलेला असतो, शाळा बंद पडलेली असते. १९८०-९० च्या दशकांत आश्रमशाळेत शिकलेल्या आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसाला पॉक्सो लागू होत नाही. त्याच्यासाठी व्यवहारात दार बंदच आहे.

दुसरे, भरपाईच्या योजना प्रामुख्याने लैंगिक अत्याचारापुरत्या आहेत. अमानुष मारहाण, उपाशी ठेवणे, संस्थाचालकाच्या शेतात राबवून घेणे, जातीवरून रोज अपमान करणे, आजारी मुलाला दवाखान्यात न नेणे, यांचे आयुष्यभराचे नुकसान कोण मोजणार? बाल न्याय कायद्यात क्रूरतेला शिक्षा आहे. पण शिक्षा झाली म्हणून मोडलेले मूल उभे राहत नाही.

तिसरे, पैसे शासन देते आणि संस्था मोकळी सुटते. प्रत्येक निवासी मुलामागे परिपोषण अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या खिशाला हात लागत नाही.

योजना आणि कायदा यांत फरक काय?

हा फरक यवतमाळकरांना समजावून सांगायची गरज नाही. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणारी एक लाखाची मदत आपण गेली कित्येक वर्षे पाहत आहोत. समिती बसते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, यावर विधवेचे दुःख खरे की खोटे ते ठरते. शासन निर्णयाने दिलेली मदत शासन निर्णयाने बदलते, अडते, बंदही होते. कायद्याने दिलेला हक्क मात्र न्यायालयात मागता येतो.

याला घटनात्मक आधारही आहे. रुदुल साह (१९८३) आणि नीलाबती बेहरा (१९९३) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शासनाने मूलभूत हक्काचा भंग केला तर भरपाई देणे त्याचे कर्तव्य आहे. शासनाच्या ताब्यातील कैद्याला हे तत्त्व लागू होते, तर शासनाच्या भरवशावर सोडलेल्या लेकराला का नाही?

जगात असे कायदे झाले आहेत. आयर्लंडने २००२ मध्ये निवासी संस्थांतील पीडितांसाठी कायदा करून भरपाई मंडळ नेमले. कॅनडात आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबाबत मोठा समझोता झाला. शाळेत राहिलेल्या पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर देण्यात आले. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय योजना २०१८ पासून सुरू आहे, तर स्कॉटलंडने २०२१ मध्ये कायदा केला.

त्यांच्या चुकाही आपण शिकून घेतल्या पाहिजेत. आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थांशी आधीच करार करून त्यांचा वाटा सुमारे १२.८ कोटी युरोंवर बांधला गेला. एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट झाला आणि तो जनतेच्या करातून गेला. शिवाय भरपाई घेणाऱ्यांवर बोलण्याची बंधने आली. कॅनडात जुन्या नोंदी न सापडल्याने अनेकांना आपण शाळेत होतो हेच सिद्ध करता आले नाही.

आपली मागणी काय असावी?

१. स्वतंत्र भरपाई मंडळ असावे. संबंधित खात्याचे अधिकारी आणि संस्थाचालक त्यात नसावेत.

२. अर्जासाठी गुन्ह्याची नोंद किंवा शिक्षा ही अट नसावी आणि कालमर्यादा नसावी.

३. लैंगिक अत्याचाराबरोबर मारहाण, उपासमार, वेठबिगारी आणि जातीय छळ यांचाही समावेश असावा.

४. रकमेचा वाटा संस्थेकडून वसूल करावा. संस्था बंद पडली असेल तर पूर्ण जबाबदारी शासनाची.

५. पैशाबरोबर समुपदेशन, सुटलेले शिक्षण, उपचार आणि लेखी माफी मिळावी. नाव गुप्त राहावे; पण स्वतःची कहाणी सांगायची की नाही, हे पीडिताने ठरवावे.

६. आश्रमशाळा आणि वसतिगृहांचे दाखल-खारीज रजिस्टर, हजेरी आणि आरोग्य नोंदी नष्ट करण्यास बंदी असावी.

वसतिगृहे बंद करा, अशी ही मागणी नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हापासून आपली पिढ्यान् पिढ्यांची वाट वसतिगृहातूनच गेली आहे. म्हणूनच ती सुरक्षित असणे हा आपल्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे.

आणि हा प्रश्न केवळ ‘त्यांच्या’ संस्थांचा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये बोधगया येथील एका बौद्ध निवासी शाळेत आसाममधून आलेल्या लहान मुलांच्या शोषणाच्या आरोपावरून एका भिक्खूला अटक झाली. चिवराचा आदर राखायचा म्हणून असे विषय आपणही दाबणार का? राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख बोलून दाखवले, तेव्हा तथागतांनी आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला दीक्षा देऊ नये, असा नियम केला. विनयपिटकातील ही नोंद आपल्याला सांगते, की संघसुद्धा ऐकून घेतो आणि नियम बदलतो. आपल्या विहारांनी आणि संस्थांनी हीच कसोटी आधी स्वतःला लावावी.

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करता येईल. जवळच्या आश्रमशाळेत पालकसभा होते का, अधीक्षिका प्रत्यक्ष मुक्कामी राहते का, ते पाहा. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यातील किती पॉक्सो प्रकरणांत अंतरिम भरपाई मागितली गेली आणि किती दिवसांत मिळाली, हे माहिती अधिकारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विचारा. ती आकडेवारी हाती घेऊन आपल्या आमदारांकडे जा आणि अशासकीय विधेयक मांडायला सांगा. आदिवासी संघटनांना सोबत घ्या, कारण या लढ्यात पहिला आवाज त्यांचा आहे.

राजुऱ्याच्या त्या पालकांना लोभी म्हटले गेले. उद्या कायदा झाला तर कोणत्याही आईबापाला असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही, कारण ते मागायला नव्हे, वसूल करायला आलेले असतील.

जय भीम!