हवाई सुंदरी नव्हे, कामगार!

नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. विमानात नोकरी मिळावी म्हणून आता समुद्रपूर, हिंगणघाटकडच्या आपल्या मुलीही नागपुरात भरमसाट फी भरून प्रशिक्षण घेतात. आईबाप त्यासाठी कर्ज काढतात. कसे बोलावे, कसे हसावे हे तिथे शिकवतात. संघटना कशी करावी हे कोणी शिकवत नाही. का शिकवतील? ‘हवाई सुंदरी’ म्हटले की ती कामगार आहे हेच झाकले जाते.

एकेकाळी एअर इंडियात पहिल्या चार वर्षांत लग्न केले की नोकरी जाई, पहिल्या गरोदरपणातही जाई. नर्गेश मिर्झा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ च्या निकालाने गरोदरपणाची अट रद्द झाली, लग्नाची मात्र कायम राहिली. कोर्ट कधी कधी अर्धाच न्याय देते, हे वकिलानेच सांगितलेले बरे.

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे ८०० केबिन क्रूंना रातोरात घरी बसवले. एकूण १९०० जण काढायचे होते. वाटाघाटीला बसेल अशी भक्कम संघटना पाठीशी नसलेली ती गणवेशातली पोरे मुंबईत राज ठाकरेंच्या दारात गेली. त्यांना परत घेतले, हे चांगलेच झाले. पण हक्काची नोकरी नेत्याच्या दारात जाऊन का मागावी लागावी?

याउलट मे २०२४ पाहा. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने सुमारे २५ जणांना बडतर्फ केले. पण तिथे नोंदणीकृत संघटना होती आणि वाद आधीच कामगार आयुक्तालयात होता. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि बडतर्फी मागे घेतली गेली. ही संघटना भारतीय मजदूर संघाशी संलग्न, म्हणजे विचाराने आपली नव्हे. तरी धडा घ्यायला हरकत नाही. समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादातल्या सेवाशर्ती मालकाला मनमानीने बदलता येत नाहीत. हे संरक्षण संघटितपणे वाद उभा करणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने वापरता येते.

मालकाने संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, यासाठी मजूरमंत्री बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विधेयक आणले होते. पुढे १९४७ ची दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अंमलातच आणली नाही! आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. वाटाघाटीचा एकट्याने अधिकार हवा तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार त्या संघटनेचे सभासद हवेत. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप ठरतो आणि संपाला १४ दिवसांची पूर्वसूचना लागते. म्हणजे २०२४ ची वाट आता अधिक अरुंद झाली आहे, आणि सभासदसंख्येला पूर्वीपेक्षा जास्त मोल आले आहे.

मुलीच्या हाती नेमणूकपत्र पडेल तेव्हा पगाराच्या आकड्याखालचा करारही वाचा. तो ठरावीक मुदतीचा असला तरी तिला संघटनेचे सभासद होता येते.