चाकावरची शाळा

सध्या आमच्या पिढीला (म्हणजे तिशी-पस्तिशीतली, आयटीत रुतलेली, एक-दोन लेकरं असलेली पिढी) एक नवीन स्वप्न पडायला लागलंय. नोकरी रिमोट करून घ्यायची, फ्लॅट भाड्याने द्यायचा, एखाद्या ट्रॅव्हलर गाडीला आतून पलंग, ओटा आणि वर सोलर लावून घ्यायचं, आणि लेकरांची शाळा सोडवून देश बघायला निघायचं. शिकवायचं आपणच. भूगोल खिडकीतून, इतिहास किल्ल्यावर आणि गणित टोलनाक्यावर!

२०२०च्या लॉकडाऊनने घरून ऑफिसही चालतं आणि घरून शाळाही (कशीबशी) चालते हे दाखवून दिलं. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यामुळे पूर्वी अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसणारी ही गोष्ट आता मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, किमतींसकट, दिसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही कल्पना मला आवडते. आणि ज्यांना जमतं त्यांनी ती जरूर करावी. पण "प्रवास हीच खरी शाळा" हे वाक्य कुणी माझ्यासमोर टाकलं की मी गप्प बसू शकत नाही, कारण मी मराठवाड्यातला आहे. आमच्याकडे हजारो लेकरं दरवर्षी पाच-सहा महिने प्रवासातच असतात. त्यांच्या प्रवासाला कुणी शाळा म्हणत नाही. सरकारी कागदावर त्यांना "शाळाबाह्य" म्हणतात.

आधी कल्पनेतलं चांगलं बघू. आमचे दोनच जिल्हे घ्या, नांदेड आणि लातूर. पर्यटनाच्या नकाशावर फारसे नाहीत, पण आठ दिवसांचा झकास अभ्यासक्रम निघतो. नांदेडला गोदावरीकाठी गाडी लावा आणि लेकराला विचारा, पाटण्याला जन्मलेले गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे नांदेडात कसे काय होते? या एका प्रश्नात पंजाब, दिल्ली, औरंगजेबानंतरची भाऊबंदकी आणि दख्खन, सगळं येतं. उदगीरच्या किल्ल्यावर १७६० सालच्या लढाईबद्दल बोला. निजामाला नमवणारे सदाशिवरावभाऊ पुढच्याच जानेवारीत पानिपतावर होते. उदगीर ते पानिपत अंतर नकाशावर मोजा, आणि ते सैन्य काय खात असेल याचा हिशोब मांडा. मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. दख्खनचं पठार म्हणजे जुना, टणक, स्थिर खडक असं आपण पाठ केलं होतं, मग इथे भूकंप झालाच कसा? पुनर्वसित गावात फिरलं, सरळ आखलेल्या गल्ल्या बघितल्या, एखाद्या आजीशी बोललं, तर भूगर्भशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच दुपारी होतं. वर्गात हे होत नाही हे मान्य.

पण हा अभ्यासक्रम चालतो कशावर? गाडीवर नाही. तीन गोष्टींवर चालतो.

पहिली, एक मोकळा मोठा माणूस. उदगीरच्या भिंतीला भिंत न समजता प्रश्न समजणारं कुणीतरी सोबत लागतं, आणि त्याच्याकडे वेळ लागतो. होमस्कूलिंगचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. शाळा सोडलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश घेतला. आपण प्रोग्रामर लोक ही गोष्ट फार आवडीने सांगतो. तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडून पूर्णवेळ वाहून घेतलं, हा भाग सांगताना मात्र घाईत उरकतो.

दुसरी, परतीचं घर. प्रयोग फसला तर जून महिन्यात परत शाळेत घालता येईल ही खात्री.

तिसरी, कुठेही चालणारा कागद. शिक्षणहक्क कायद्यात (२००९चा) होमस्कूलिंगचं नावच नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कायदा म्हणतो, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. या फटीत होमस्कूलिंग आरामात जगतं. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, आहेच. तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष टप्पे आहेत, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. अभ्यासक्रम देशभर एकच. गाडी कोकणात असो की लडाखला, लेकराची प्रगती आई-बापाच्या लॅपटॉपमध्ये सोबत फिरते.

आता हीच यादी घेऊन कंधार, मुखेड, लोहा किंवा जळकोट, अहमदपूरकडच्या एखाद्या तांड्यावर चला. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून "एक कोयता" मोजला जातो. पश्चिम महाराष्ट्रातले नाहीतर कर्नाटकातले कारखाने, आणि मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतणं नाही. व्हॅनवाल्यांपेक्षा यांचा प्रवास कमी "अनुभवसंपन्न" आहे का? दोन राज्यं, दोन भाषा, तीन-चार तालुके. गणित तर टनाचं, दराचं आणि फिटत नसलेल्या उचलीचं, थेट जीवनाशी निगडित! :)

फक्त त्या तीन गोष्टी नाहीत. मोकळा मोठा माणूस नाही, कारण आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. म्हणजे त्या दोघांत मोठा माणूस तीच, वय वर्षं नऊ. परतीचं घर आहे, पण परत येईपर्यंत शाळेचं वर्ष संपलेलं असतं. आणि पोरगी थोडी मोठी झाली की तिला गावात एकटी ठेवायची भीती आणि नवीन "कोयता" जोडायची घाई, या दोन्हींतून लग्न उरकलं जातं. राहिला कागद. तो गावच्या शाळेच्या हजेरीपटात असतो आणि लेकरू तीनशे किलोमीटर लांब.

आपल्या भाषेत सांगायचं तर शाळा ही एका सर्व्हरला चिकटलेली सिस्टीम आहे. लेकराचं सगळं सेशन त्या एका मशीनवर. क्लायंट हलला की सेशन गेलं, परत लॉगिन करा, तेही पहिलीपासून. व्हॅनवाल्यांनी सेशन स्वतःच्या खिशात घेतलं म्हणून त्यांचं जमलं.

असं नाही की कायद्याला हे सुचलंच नाही. शिक्षणहक्क कायदा वाचला तर थक्क व्हायला होतं. दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवून खास प्रशिक्षण द्यायचं आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, असं स्पष्ट लिहिलंय. शिक्षण हमी कार्ड निघालं, "सरल" पोर्टल आलं, आता अपार आयडीही आलाय. पण आयडी म्हणजे नुसती प्रायमरी की. पुढचे कॉलम कोण भरणार? कर्नाटकात गेलेल्या लेकरासाठी जवळची शाळा कन्नड माध्यमाची असेल, तर प्रवेश मिळूनही ते काय शिकणार?

यावर आपल्याकडे दोन उपाय झाले. एक साखरशाळा, म्हणजे कारखान्याजवळ हंगामापुरती शाळा. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने यात मोठं काम केलं. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ एका जागी वस्ती करतात, तिथे हे जमायचं. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या ऊस संपेल तशा गावोगाव सरकतात, त्यांच्या मागे शाळा पळवणं अवघड. दुसरा उपाय हंगामी वसतिगृह, म्हणजे लेकराला गावातच ठेवून जेवणाची-राहण्याची सोय करायची. शिक्षणहक्क कायद्यानंतर भर यावर आला. मला हा उपाय जास्त पटतो, पण त्यात एक साधी अट आहे. टोळी निघायच्या आधी वसतिगृह सुरू झालं पाहिजे. मंजुरी दिवाळीनंतर आली तर तोवर लेकरू ट्रॅक्टरवर बसून गेलेलं असतं, आणि मग रिकाम्या वसतिगृहाचा काय उपयोग? २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ८२ वसतिगृहं ठरली, पण पहिल्या टप्प्यात बीड, नगर आणि जालना. आमचे दोन जिल्हे रांगेत.

इथे कुणीतरी म्हणतंच, "अरे पण त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." हे मला सगळ्यात जास्त खटकतं. लक्ष्मण माने यांचं "उपरा" (१९८०) वाचा. गाढवांवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणारं कैकाडी कुटुंब, आणि पोराला शाळेत घालायचा हट्ट धरणारा बाप. मराठीतली पहिली "रोडस्कूलिंग"ची गोष्ट म्हणायला हरकत नाही, फक्त तिथे प्रत्येक मुक्कामाला अपमान होता. आणि आमच्या लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. "उचल्या"ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या जमातीवर इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. डोळ्यांतून अजून पुसला गेलाय का? लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला एकदा जाऊन बघा, तिथे भटक्या जमाती वर्षानुवर्षं एकत्र येतात. रस्त्यात त्यांचं बिऱ्हाड दिसलं की गावकरी विचारतात, "कुठले रे तुम्ही? किती दिवस राहणार?" आपली व्हॅन दिसली की तेच गावकरी विचारतात, "चहा घेणार का?"

आणि फिरतं लेकरू शिकवणं अशक्य आहे असंही कुणी सांगू नये. लातूर आणि नांदेड ही दोन शहरं बाहेरून आलेल्या लेकरांना शिकवूनच चालतात! अकरावी-बारावीला, नीट-जेईईला गावोगावची पोरं येतात. कित्येक घरांत बाप शेतावर राहतो आणि आई पोरासोबत खोली करून दोन वर्षं लातुरात काढते. हेही शिक्षणासाठीचं स्थलांतरच की. त्यांच्यासाठी खोल्या आहेत, मेस आहेत, अभ्यासिका रात्रभर उघड्या आहेत. मधूनच आलेल्या पोराची पातळी तपासून त्याला योग्य बॅचमध्ये बसवणं क्लासवाल्यांना बरोबर जमतं. कायद्यातलं "वयाला साजेसा वर्ग आणि खास प्रशिक्षण" म्हणजे वेगळं काय? फरक एवढाच, की हे लेकरू फी भरतं.

म्हणून व्हॅन घेऊन निघणाऱ्या माझ्या मित्रांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, जरूर निघा, पण लेकराला विचारून. आठ वर्षांच्या पोराला गाडी म्हणजे मज्जा. तेरा वर्षांच्या पोरीला रोजच्या मैत्रिणी हव्या असतात. तिने "थांबूया" म्हटलं तर थांबा. तुमच्याकडे थांबायची सोय आहे, ती वापरा. आणि कृपा करून कोपीसमोर गाडी लावून "साधं जीवन" असे फोटो काढू नका.

दोन, आज ना उद्या तुम्ही सरकारकडे मागणी करणार, की फिरत्या शिक्षणाला मान्यता द्या, परीक्षा कुठूनही देऊ द्या, परत आल्यावर वर्ष वाया घालवू नका. मागणी रास्त आहे. पण ती फक्त स्वतःसाठी करू नका. तीच मागणी शब्दही न बदलता मुखेडच्या लेकरालाही लागू पडते. त्यात तीन ओळी वाढवा. वसतिगृह दसऱ्याआधी उघडलं पाहिजे. कोणतं लेकरू कोणत्या कारखान्याकडे गेलं याची यादी तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याकडे टोळीच्या आधी पोचली पाहिजे. आणि सीमेपलीकडे मराठी शिकवणारा एक तरी माणूस पाहिजे. पैशाचं म्हणाल तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलेलं आहे. म्हणजे बजेट कुठून आणायचं हा प्रश्न निदान कागदावर सुटलाय.

आपल्या वर्गाने मागितलं की सिस्टीम जरा लवकर हलते, हा अनुभव आहे. बंगलोर-पुण्याच्या चारशे व्हॅनवाल्यांसाठी एखादं परिपत्रक निघेलही. ते काढताना "प्रवासी पालक" असा शब्द न वापरता "स्थलांतरित बालक" असा वापरला, तर त्याच परिपत्रकात कंधारचा तांडाही बसतो. खर्च एका शब्दाचा आहे. एवढं तरी आपण मागूच शकतो.