गवताची बाजू
जबलपूरच्या विजय नगरातून कान्हाला जाणारे बहुतेक जण वाघ दिसला का, एवढंच विचारतात. माझ्या मते त्या जंगलाचा कस गवतावर ठरतो. तिथलं बारशिंगा हे हरीण जवळपास फक्त गवत खातं. मादी पाडस लपवते तीही उंच गवतातच. १९७० मध्ये तिथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. वाघांनीच ते संपवले, असं कुणी म्हणेल. वाघ शिरणार नाही असं कुंपण त्यांच्यासाठी घालावं लागलं, हेही खरं. पण दोघं शतकानुशतकं एकत्र नांदले होते. बेसुमार शिकार, चराई आणि वणव्यांनी कळप रोडावले, आडोसा गेला, तेव्हा वाघाची झडप जड झाली. कुरणं सावरली, त्यासाठी बैगा-गोंड आदिवासींची गावंही उठली; ती किंमत विसरता येणार नाही. पुढच्या सफारीत गाइडला आधी कुरणाबद्दल विचारा.